नवं गाणं आमच्याकडून हवं असेल तर आम्हाला शेवटपर्यंत सोबत बसवा : जिल्हा समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा गौरवगीत व संगीतिका समिती

विषय : स्थानिक गीतकारांच्या सहभागातून होणाऱ्या नव्या संगीतिकेबाबत

स.न.वि.वि.

येत्या वर्षीच्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ‘जिल्ह्यातील स्थानिक गीतकार व लोककलावंतांच्या सहभागातून’ एक नवी संगीतिका सादर करायचं आपण ठरवलं आहे. तसं आपलं आवाहन मागच्या आठवड्यात आम्हा सगळ्यांच्या मोबाइलवर आलं. ते वाचून आनंद व्हायला हवा होता. पण आवाहनाच्या खाली जी रीत दिली आहे ती आपण याआधी केलेल्या जिल्हा गौरवगीताच्या वेळचीच आहे. एका मिनिटाचं रेकॉर्डिंग पाठवा, सोबत सही केलेलं संमतीपत्र जोडा, निवडलेल्यांना एका दिवसाच्या शिबिराला बोलावू, आणि अंतिम शब्द व संगीत समितीनं नेमलेले संगीतकार ठरवतील. गौरवगीताचं काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून या वेळी गप्प बसवत नाही.

पत्र आपल्याला आहे, पण उघड लिहिते आहे. जिल्ह्याचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, कारण हे गाऱ्हाणं एका जिल्ह्याचं नाही. छत्रपती संभाजीनगरपासून धाराशिवपर्यंत आठही जिल्ह्यांतल्या भजनी मंडळांना, गोंधळ्यांना, शाहिरांना आणि शाळेच्या गॅदरिंगची गाणी लिहिणाऱ्या गुरुजींना ते आपलंच वाटेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. गाणं रचायचं, त्याला चाल लावायची आणि ते गावाकडून म्हणवून घ्यायचं, हे माझं नोकरीभर चाललेलं काम. नव्वदच्या दशकात साक्षरता अभियानाचे कलाजत्थे गावोगाव निघाले, तेव्हा आम्ही गाणी केली. पुढं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात केली, मुलींच्या पटनोंदणीसाठी केली. त्या गाण्यांवर कधी कुणी नाव मागितलं नाही की पैसे मागितले नाहीत. काम गावाचं होतं, आणि गाणं गावातच राहत होतं. गौरवगीताचं तसं नाही. ते छापलं गेलं, रेकॉर्ड झालं, यूट्यूबवर चढलं, जिल्ह्याच्या प्रत्येक कार्यक्रमात वाजतं. तिथं कुणाचं नाव आहे आणि कुणाचं नाही, हे विचारायचा हक्क आम्हाला आहे.

सगळ्यात आधी चालीबद्दल बोलते, कारण बाकीच्या चुका तिथून निघाल्या.

आमच्याकडे गाणं कागदावर सुरू होत नाही. आधी चाल येते. देवीची गाणी म्हणणारी आराधी बाई चौंडक्यावर, म्हणजे एका तंतुवाद्यावर, ठेका धरते, नुसतंच गुणगुणते, पालुपद बसलं की मग ओळी यायला लागतात. झील धरणाऱ्या, म्हणजे मागून साथीला गाणाऱ्या, बायका त्या ओळी तिथल्या तिथं घासूनपुसून घेतात. कुठं अडखळलं तर झीलवालीच म्हणते, ‘हितं दम पुरत न्हाई, एक शब्द काढ.’ रचणारी, चाल लावणारी आणि गाणारी अशी तीन वेगळी माणसं तिथं नसतातच. गौरवगीतासाठी तुम्ही मात्र आमच्याकडून ‘शब्द’ गोळा केले, चाल दुसऱ्याकडून बांधून घेतली आणि गायला तिसरीच मंडळी आणली.

त्यातून काय झालं ते एकाच ओवीवरून दाखवते. आमच्या मंडळातल्या एका बाईंनी एका दुष्काळी उन्हाळ्यात रचलेली ही ओवी, त्यांच्या परवानगीनं इथं देते :

आड गेला तळा बाई, दोर पुरंना पुरंना
माझ्या माहेराची वाट, डोळ्यामंदी गं सरंना

शिबिरात त्यांनी ती म्हटली तेव्हा सगळी खोली शांत झाली होती, आपले सदस्यही होते. दुसऱ्या ‘पुरंना’वर त्यांचा आवाज खाली उतरतो आणि तिथं त्या क्षणभर थांबतात. दोर आणखी हातभर आत सोडावा तशी ती जागा आहे. स्टुडिओतल्या तयार लूपवर, म्हणजे तोच तो फिरणाऱ्या तालावर, ती ओळ बसेना, म्हणून एक ‘पुरंना’ काढला, ‘बाई’ काढली, उरलेल्याचं ‘पुरेना’ केलं आणि ते वरच्या सुरावर नेऊन ठेवलं, कारण तिथं कोरस यायचा होता. दुसरी ओळ गाळलीच. आता ते गाणं ऐकताना वाटतं की कुणीतरी आनंदानं ओरडून सांगतंय, विहिरीला दोर पुरेना.

संगीतकारांना दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. त्यांनी आपलं काम त्यांच्या पद्धतीनं केलं. बाई त्यांच्या शेजारी बसलेल्या असत्या तर बाईंनी तिथल्या तिथं सांगितलं असतं आणि संगीतकारांनीही ऐकलं असतं. पण बाईंना गाणं ऐकायला मिळालं ते थेट लोकार्पणाच्या दिवशी, सभागृहात मागच्या खुर्चीवर बसून. पडद्यावर त्या ओळीपुढं लिहिलं होतं, ‘पारंपरिक’.

वाद्यांचंही तेच झालं. हलगीवाल्यांना स्टुडिओत बोलावलं. हलगीचं कातडं तापवल्याशिवाय ताणत नाही, सुरात येत नाही. तिला पाचटाचा नाहीतर कागदाचा जाळ दाखवावा लागतो, आणि वाजवता वाजवता ती उतरली की पुन्हा तापवावी लागते. बंद एसी खोलीत जाळ करता येईना. बाहेर तापवून आत आणेपर्यंत ती ढिली पडायची. शेवटी त्यांना सांगितलं गेलं की आवाज लॅपटॉपमध्ये आहे, तुम्ही व्हिडिओपुरते उभे राहा. तीन पिढ्या हलगी वाजवणारं घर आहे ते. व्हिडिओत त्यांचे हात दिसतात आणि आवाज दुसऱ्याच कुठल्या तरी हलगीचा येतो.

गोंधळाचा भाग तर हेडफोनमधल्या टिकटिकीवर गायला लावला. संबळ संथ सुरू होतो, मग चढत जातो, आणि अंगात आल्यासारखा शेवट होतो. तो चढ हाच गोंधळ. एका ठरलेल्या लयीच्या ट्रॅकवर तो चढणार कसा? ट्रॅकची पट्टीही आधीच ठरली होती. बायकांना आपली पट्टी सोडून ओढून ताणून गावं लागलं, आणि नंतर आवाज चिरका येतो म्हणून त्यांचं गाणं मिक्सिंगमध्ये मागं टाकलं.

आता विषयाबद्दल. गौरवगीतात लेणी आली, किल्ले आले, संतांची नावं ओळीनं आली. यावी तशी आली, आमचं काही म्हणणं नाही. पण गीतकारांनी जे आणलं होतं त्यातलं बरंचसं ‘नकारात्मक’ म्हणून बाजूला ठेवलं. दिवाळीनंतर उचल घेऊन कारखान्यावर निघालेल्या टोळीचं गाणं वगळलं. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्यावरचा पोवाडा वगळला. नामांतराच्या चळवळीवरचं भीमगीत वगळलं. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळावं म्हणून विधिमंडळाच्या १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत मराठवाड्यानं काय काय सोसलं, हे सांगणारी गाणी इथल्या वस्त्यावस्त्यांत आजही म्हटली जातात. ती गाळून जिल्ह्याचं गाणं होतं, असं आपण कशाच्या आधारे ठरवलं?

आणि आता विषय आहे मुक्तिसंग्राम. या लढ्याचा आणि गाण्याचा संबंध आम्ही आपल्याला सांगायला नको. १९३८ साली निजामाच्या राज्यात ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहातून, कॉलेजातून काढून टाकलं. त्यातले कितीतरी जण नागपूरला जाऊन तिथल्या विद्यापीठात शिकले. गाण्यासाठी घर सोडलेल्या पोरांचा हा प्रदेश आहे. त्या लढ्यावर संगीतिका करताना इथल्या गाणं करणाऱ्यांकडून एका मिनिटाचं रेकॉर्डिंग मागवायचं आणि त्यांना दाराबाहेर ठेवायचं, हे मनाला पटत नाही.

भाषेबद्दल थोडंसं. आपल्या आवाहनात ‘शुद्ध मराठीत’ असं लिहिलं आहे. पैठणला एकनाथ महाराजांनी भारुडं लिहिली ती जोशी, वासुदेव, गारुडी यांच्या तोंडच्या बोलीत, आणि ‘हिंदू-तुर्क संवाद’ही त्यांनीच लिहिला. नर्सीच्या नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहेबात आहेत आणि ती नांदेडच्या गुरुद्वारात गायली जातात. आपल्या तांड्यांवर होळीला गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, लेंगी म्हटली जाते. वली या कवीची दखनी इथलीच. देगलूर-बिलोलीकडं तेलुगू कानावर पडतं, उमरगा-निलंग्याकडं कानडी. ही सगळी माणसं मुक्तिसंग्रामात होती आणि ती आजही गातात. एक ओळ त्यांच्या जिभेवरची, त्यांनीच रचलेली घेतली तर मराठीचं काही कमी होणार नाही.

संमतीपत्राकडं येते. गौरवगीताच्या वेळचं ते एक पान होतं, इंग्रजीत. शिबिराच्या दिवशी जेवणाच्या रांगेत सह्या घेतल्या, काहींनी अंगठा उठवला. नंतर मी एका ओळखीच्या वकिलांकडून ते वाचून घेतलं. त्यात सर्व हक्क कायमचे आणि जगभरासाठी समितीकडं दिल्याचं लिहिलं होतं. कॉपीराइट कायदा १९५७ चा. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरावा, असं त्याचं १९ वं कलम सांगतं. म्हणजे ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे शब्द आपोआप आलेले नाहीत, कुणीतरी ते घातले. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, रेकॉर्ड झालेल्या गाण्याच्या गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा सोडून देताच येत नाही. वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाच्या नावे तो करता येत नाही. आणि कलम ५७ प्रमाणे, हक्क विकल्यावरसुद्धा रचनाकाराला आपलं नाव सांगण्याचा आणि आपल्या रचनेची बदनामी होईल अशी मोडतोड थांबवण्याचा अधिकार राहतो. वाजवणाऱ्या आणि गाणाऱ्या माणसालाही, तो कलाकार म्हणून, या कायद्यात वेगळे हक्क आहेत.

एक गोष्ट मात्र आमच्या बाजूची नाही आणि तीही उघड सांगते. शासनाच्या सांगण्यावरून झालेल्या कामाची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, शासनाकडं जाते, असं कलम १७ आहे. म्हणून तर करार आधी हवा. गाणं झाल्यावर बोलायला गेलो तर उशीर झालेला असतो, हा आमच्या मंडळाचा अनुभव आहे.

‘पारंपरिक’ असं लिहिण्याबद्दलही बोललं पाहिजे. जी ओवी चार पिढ्यांची आहे ती पारंपरिक आहेच. पण तीसुद्धा कुणाच्या तरी तोंडून आपल्याकडं येते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात गाणारीचं नाव आहे, गाव आहे. एवढ्या मोठ्या कामात हे जमू शकलं, तर पाच-सात गाण्यांच्या संगीतिकेत जमायला काय हरकत आहे?

या वेळच्या शिबिराची तारीख जानेवारीतली आहे. जानेवारीत जिल्ह्यातली अर्धी गाणारी माणसं ऊसतोडीवर असतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एक दिवस फडात गेले नाहीत तर मुकादमाकडं खाडा लागतो. ती येणार कशी? आणि आलीच तर येण्या-जाण्याचं भाडं आणि बुडालेला रोज कोण देणार, यावर आवाहनात एक अक्षर नाही.

बाहेरचे संगीतकार नकोत, असं आमचं मुळीच म्हणणं नाही. ध्वनिमुद्रण, वाद्यमेळ, मंचावर शंभर माणसं एका सुरात उभी करणं, हे त्यांना येतं, आम्हाला शिकायचं आहे. आपल्या भागातला अनुभवही तेच सांगतो. पळसखेड्याच्या रानात शेती करता करता ना. धों. महानोरांनी नामवंत संगीतकारांबरोबर चित्रपटांची गाणी केली. रान सुटलं नाही आणि शब्दही त्या रानातलेच राहिले. दोघं एकत्र बसतात तेव्हा असं होतं. आम्हालाही असंच एकत्र बसायचं आहे.

म्हणून आमच्या मागण्या, सरळ सांगते.

आधी करार करा. तो मराठीत असावा, सहीच्या किमान आठ दिवस आधी हातात मिळावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवावा. त्यात नाव, मुदत, मानधन आणि रॉयल्टीचा वाटा स्पष्ट लिहिलेला असावा. संगीतिका पुढं दुसरीकडं वापरली, जाहिरातीत घेतली, तर पुन्हा विचारावं लागेल हेही त्यात यावं. ज्यांना गीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचं, सभासद व्हायचं आहे त्यांचे फॉर्म समितीनं भरून द्यावेत. हे काम एका संगणक चालकाचं एका दुपारचं आहे.

एका दिवसाचं शिबिर रद्द करा. त्याऐवजी गुढीपाडव्यानंतर, टोळ्या गावी परतल्यावर, तालुक्या-तालुक्यात बैठका घ्या. शाळा रिकाम्या असतात, देवळांचे सभामंडप आहेत. पहिल्या बैठकीपासून शेवटच्या मिक्सिंगपर्यंत प्रत्येक गाण्याच्या रचनाकाराला सोबत ठेवा. त्याच्या किंवा तिच्या शब्दात, चालीत बदल करायचा तर समोरासमोर विचारून करा. एकमत झालं नाही तर ती ओळ घेऊ नका, पण मोडून घेऊ नका. येणाऱ्याला भाडं आणि बुडालेला रोज द्या.

लोकवाद्यांचं आणि गाण्याचं मुद्रण आधी करा, जिथं हलगी तापवता येईल अशा जागी, त्यांच्या पट्टीत आणि त्यांच्या लयीत, सगळ्यांना एकत्र बसवून. बाकीचा वाद्यमेळ त्याच्यावर चढवा. हे तांत्रिकदृष्ट्या होतं, मी दोन ध्वनिमुद्रकांना विचारून घेतलं आहे. टिकटिकीवर केलेल्या कामापेक्षा त्याला वेळ जास्त लागतो, एवढंच. आपल्याकडं सप्टेंबरपर्यंत वेळ आहे.

विषय कुठले घ्यायचे हे ठरवणाऱ्या बैठकीत गीतकारांचे प्रतिनिधी असावेत, त्यात निम्म्या बायका असाव्यात, आणि तांड्यावरचा, भीमगीतं करणारा, दखनीत लिहिणारा माणूस असावा. ‘शुद्ध मराठीत’ ही अट काढून टाका.

आणि गौरवगीताच्या श्रेयनामावलीतली चूक आत्ता, संगीतिकेची वाट न पाहता, दुरुस्त करा. यूट्यूबवरच्या मजकुरात बदल करायला पैसे लागत नाहीत. ‘पारंपरिक’ काढा आणि त्या बाईंचं नाव आणि गाव लिहा. त्यांची दुसरी ओळही तिथं छापा, म्हणजे गाण्यात नसली तरी वाचायला तरी मिळेल.

यातली कुठलीही मागणी समितीच्या अंदाजपत्रकाबाहेरची आहे असं मला वाटत नाही. तसं असेल तर आकडे समोर ठेवा, आम्ही बसून मार्ग काढू. मानधनावर अडेल असं आमच्यापैकी कुणी नाही. नावावर आणि चालीवर मात्र अडू.

आमच्या तालुक्यातल्या भजनी मंडळांची, आराधी मेळ्यांची आणि दोन कलापथकांची बैठक झाली आहे. या पत्राचं लेखी उत्तर येईपर्यंत आमच्यापैकी कुणीही संमतीपत्रावर सही करणार नाही आणि रेकॉर्डिंग पाठवणार नाही. उत्तर जाहीर द्यावं, म्हणजे इतर तालुक्यांनाही कळेल. बैठकीला बोलावलंत तर वेळेवर येऊ, पेटी आणि चौंडकं सोबत घेऊन येऊ. कराराचा मसुदा तेवढा आठ दिवस आधी पाठवा.

कळावे,

आपली,
एक गीतकार
निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जिल्हा परिषद